मेश्रामभाऊंनी भरून दिलेली गाणी

रिटायर झालेले आम्ही तिघंचौघं अजून संध्याकाळी चहाला जमतो. बदल्या, प्रमोशनं, साहेब लोक, सगळे विषय आटले. मेश्रामभाऊंचे किस्से मात्र वाढतच चाललेत. भाऊ आमच्या बालाघाटच्या ऑफिसातले काँप्युटर ऑपरेटर. तेव्हा ऑफिसात लिनक्सवाले काँप्युटर आले होते, गावात स्मार्टफोन नुकते दिसू लागले होते. या दोघांचं जुळवून फोनमध्ये गाणी भरणं एकट्या भाऊंना जमायचं.

माझ्या फोनसोबत आलेली, गाणी भरायची सीडी लिनक्सवर चालेना. दुकानदार म्हणाला, "इसमें नहीं होगा, साहब." भाऊंनी केबल जोडली, काळ्या स्क्रीनवर दोन ओळी टाइप केल्या आणि गाणी सरसर फोनमध्ये गेली. भाऊ म्हणाले, "कुलूप कंपनीचं आहे म्हणून चावी बी कंपनीचीच पाहिजे काय?"

*

बिसेन साहेबांच्या फोनमध्ये गाणी गेली, पण वाजेनात. "मेश्राम, ये बजता क्यों नहीं?"

फाइल लिनक्सवर चालणारी, फोनला तो फॉरमॅट ठाऊक नाही. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, गाणं मराठी शाळेतलं, फोन हिंदी शाळेतला. गाण्याले हिंदी शिकवतो." दहा मिनिटांत एमपीथ्री तयार!

*

बिरशाच्या जंगलात नवा लागलेला एक फॉरेस्ट गार्ड आला. बालाघाट शहरात वाढलेला.

"भाऊ, गाणे नको. बाजाराचा आवाज भरून द्या. तिथली शांतता सहन होत नाही."

भाऊ हसले नाहीत. रविवारी फोन हातात धरून बाजारभर हिंडले. पुढच्या खेपेला गार्ड म्हणाला, "आता झोप लागते."

*

वासनिक मॅडमच्या मुलीचं लग्न होऊन ती नागपूरला गेली. जाण्याआधी तिनं गायलेली गाणी मॅडमच्या मेमरी कार्डात होती. कॉपी चालू असतानाच मॅडमनी केबल ओढली आणि कार्ड रिकामं दिसायला लागलं. मॅडम खुर्चीत बसूनच राहिल्या.

भाऊंनी तीन दिवस जेवणाची सुट्टी त्यात घातली. चौथ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, गाणे सापडले. नावं नाही सापडली. फायलींवर नुसते आकडे आहेत."

मॅडमनी फोन कानाला लावला. गाणं सुरू व्हायच्या आधी मुलीनं श्वास घेतला, तेवढ्यावर म्हणाल्या, "हे हळदीच्या दिवशीचं." मग दुसरं, तिसरं. अठरा गाणी त्यांनी नुसत्या श्वासावर ओळखली. भाऊ एकेक नाव टाइप करत गेले.

*

आणि गोविंदराव. भाऊंचे शेजारी, एके काळचे तबलजी, आता ठार बहिरे. तिरोडीच्या एका कार्यक्रमाची त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीची कॅसेट होती. ती नातवाच्या फोनमध्ये हवी होती. भाऊंनी कॅसेट काँप्युटरवर उतरवली, तिथून फोनमध्ये टाकली आणि वाजवून पाहायला लागले. त्या कार्यक्रमात हार्मोनियमवर साथ केलेले गुरुजीही त्यांच्यासोबत ऑफिसात आले होते.

गोविंदरावांनी फोन मागून घेतला, छातीशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. त्यांची बोटं टेबलावर चालू लागली, अगदी फोनमधल्या तबल्याबरोबर. आम्ही टेबलाभोवती जमलो.

मध्येच बोटं थांबली.

"इथं चुकलो होतो मी," गोविंदराव म्हणाले.

आम्हाला ती चूक ऐकूनही कळली नव्हती. गुरुजींनी मान खाली घातली.

"हौ," ते हळूच म्हणाले. "एक मात्रा. पंचवीस वर्षं मले वाटे, हे फक्त मलेच माहीत आहे."