काकाची गाठ माझ्या टेबलावर

ज्या दिवशी मी शिकायला पुण्याला निघाले, त्याच दिवशी सकाळी काकानं बाबांचा हात मोडला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं. आमचं गाव चांदूर बाजारजवळ, संत्र्याच्या बागांचं. बाबांचं आणि काकाचं वावर शेजारीशेजारी, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. काका दर उन्हाळ्यात वखर मारताना तो धुरा थोडासा आमच्याकडं सरकवायचा आणि बाबा पावसाळ्याआधी दगड पुन्हा जागेवर रोवायचे. दोघं सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले.

त्या सकाळी बाबा म्हणाले, पोरगी जाऊन राहिली, तिले बाग दाखवून आणतो. आम्ही तिघं गेलो, आई, बाबा आणि मी. धुऱ्यावरचे दगड उपटून आमच्याच झाडाखाली ढीग घातलेला आणि काका कुऱ्हाड घेऊन तिथंच उभा. आधी शिवी बाबांनी दिली, हे खरं आहे. काकानं दांडा उचलला. पहिला घाव मनगटाच्या वर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आई मध्ये पडली म्हणून दुसरा खांद्यावर गेला, नाहीतर डोकंच फुटलं असतं. मी काकाच्या हाताला चावले. सोडलंच नाही. तोंडात माती, घाम आणि विडी यांची चव आली. त्यानं मला झटकलं तशी मी संत्र्याच्या झाडावर आदळले आणि काटे पाठीत शिरले.

अमरावतीच्या दवाखान्यात बाबांच्या हातावरचं प्लास्टर अजून ओलं होतं. मी म्हटलं, मी नाही जात. बाबा खेकसले, "काहून? इथं राहून काय करशीन, काकाले चावशीन? माया हात मोडला, तुया नाही मोडला. जाय तू." मी ट्रॅव्हल्समध्ये बसले. पाठ टेकवता येत नव्हती, म्हणून वाकून बसून पुण्याला आले. डोळ्यातून पाणी येत होतं ते काट्यांमुळं असं शेजारच्या बाईला सांगितलं, आणि ते अर्धं खरंही होतं.

पुण्यात पहिलं वर्ष लोक मला विचारायचे, तू चिडली आहेस का? मी नुसती चहा मागत असायची. आमच्याकडं प्रेमानं बोललं तरी हाणामारी चालल्यासारखं वाटतं, त्याला मी काय करू? हळूहळू मी 'मले'चं 'मला' केलं, आवाज खाली आणला, लॅब टेक्निशियन झाले, इथलीच झाले. आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशंटच्या गाठींचे तुकडे कापते, रंगवते, डॉक्टर मॅडमपुढं ठेवते. मॅडम मायक्रोस्कोपखाली पाहून रिपोर्ट देतात. दिवसभर एसी, ग्लोव्हज, स्लाइड्स. संत्र्याच्या बहराचा वास मी कित्येक वर्षांत घेतला नाही.

तुम्ही गावात राहिलेले म्हणता, ती शिकली, शहाणी झाली, विसरली असेल. आणि माझ्यासारखे निघून आलेले म्हणतात, सोड ना आता, मूव्ह ऑन कर. कोणी काही विसरत नाही, बाप्पा! गावातल्या मोठ्या माणसांनी केस मिटवली. बाबांचा हात वाकडाच बसला. त्या हाताची मूठ होत नाही, तोडीच्या वेळी शिडीवर चढता येत नाही, खाली उभे राहून मजुरांवर ओरडतात फक्त. काकाच्या संदीपचं लग्न झालं, मी गेले नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो आले ते पाहिलेसुद्धा नाहीत.

मग या मे महिन्यात संदीपचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला. तो अकोल्याला डाळ मिलमध्ये आहे. म्हणाला, "ताई, बाबांचा खोकला थांबूनच नाही राहिला. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला." त्याचे बाबा म्हणजे माझा काका. अकोल्याच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला होता. केमोच्या पहिल्याच डोसात काका मरता मरता वाचला, दुसरा डोस झेपणार नव्हता. एक वेगळं औषध होतं, पण ते चालेल की नाही हे गाठीवरची एक टेस्ट सांगणार होती. आणि ती टेस्ट, पीडी-एल-वनची, रोज माझ्याच हातून होते.

ती काय आहे ते सांगते, अवघड नाही. आपल्या रक्तात मारेकरी पेशी असतात. कॅन्सरची पेशी दिसली की त्या तिला भोसकतात, फोडतात, दयामाया नाही. पण काही गाठी अंगावर पीडी-एल-वन नावाचं प्रोटीन चढवून बसतात. मारेकरी पेशी त्याला भिडली की तिचा उगारलेला हात खाली येतो. गाठ आरामात वाढत राहते. औषध ती अडवणूक काढून टाकतं, मग पुन्हा मारामारी सुरू. पण गाठीवर ते प्रोटीन असायला हवं. ते शोधायला आम्ही अँटीबॉडी वापरतो. ती नेमकी त्यालाच जाऊन चिकटते, आणि ती चिकटली तिथं आम्ही तपकिरी रंग आणतो. तपकिरी दिसलं तर औषध. नाही दिसलं तर काकासाठी काही उरलं नव्हतं.

गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. असे ब्लॉक सगळी दुनिया कुरिअरनं पाठवते. आमचा संदीप म्हणाला, कुरिअरवाल्यानं हरपवला तर? मीच आणतो. आणि आला अकोल्याहून पुण्याला कार चालवत, मे महिन्यात, ब्लॉक डॅशबोर्डवर महाराजांच्या फोटोपुढं ठेवून! आशीर्वाद मिळावा म्हणून! लॅबच्या पार्किंगमध्ये त्यानं डबी उघडली तेव्हा मेण वितळून पुन्हा थिजलं होतं आणि काकाचा तुकडा कोपऱ्यात आडवा चिकटला होता.

"अबे भैताड!" मी ओरडले. वॉचमन धावत आला. इतक्या वर्षांची पुणेरी मराठी क्षणात गेली. "अकोल्याचं ऊन मालूम नाही का तुले? डोकं हाय का खोकं? तुया बाप मेणात बसला होता अन् तू त्याले उन्हात ठेवलं?" संदीप, सहा फूट माणूस, रडायला लागला. मला त्याच्या कानाखाली द्यायची होती. दिलीही असती. तेवढ्यात तो म्हणाला, "बाबांनीच सांगितलं तुयाकडं आनाले. म्हने, तिच्याच हातानं करून घे. ती मले मारून टाकीन, पन खोटं नाही सांगनार."

मी डबी घेतली आणि वर गेले. माणसानं बापाचा हात मोडावा आणि वर असा भरवसा टाकावा!  पहिल्यांदा कामाला हात लावायला भीती वाटली.

तुकडा नव्या मेणात नीट बसवला. मशीनच्या पात्यापुढं धरला आणि कापायला लागले. पातं वस्तऱ्यासारखं असतं, चाक फिरवलं की ठोकळा त्यावर सपकन खाली येतो आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघतो. काकाला मी कापत होते. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. प्रत्येक फेरीला बाबांची न होणारी मूठ आठवली आणि बरं वाटलं.

अँटीबॉडी लावायच्या आधी स्लाइडवर, म्हणजे काचेच्या पट्टीवर, घेतलेले काप उकळत्या द्रावात ठेवावे लागतात, त्याशिवाय प्रोटीन उघडं पडत नाही. आमची लॅब लहान, त्यासाठी आम्ही कुकरच वापरतो, स्वयंपाकघरातला असतो तसाच. काकाची स्लाइड, तिच्यासोबत कंट्रोल म्हणून टॉन्सिलची स्लाइड. टॉन्सिलमध्ये हे प्रोटीन असतंच, त्यामुळं ती तपकिरी झाली म्हणजे आपलं काम बरोबर झालं असं कळतं. मग अँटीबॉडी घातली, रंग घातला, आणि दोन्ही स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरल्या.

काकाची कोरी. एकही पेशी तपकिरी नाही. सगळीकडं नुसता निळा, पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला साधा रंग.

माय वं, काय आनंद झाला मला! मर म्हटलं. मर आता. मनात नाही, तोंडानं म्हटलं, खोलीत कुणी नव्हतं. मग टॉन्सिलची पाहिली. तीही कोरी.

म्हणजे काकाच्या गाठीत प्रोटीन नव्हतं असं नाही. माझंच काम फसलं होतं. कुकर उघडून पाहिला तर झाकणाची रिंग सैल, वाफ कडेनं गेलेली, आतलं पाणी नीट तापलंच नव्हतं. पण हे मला ठाऊक, आणखी कुणाला नाही. आदल्या दिवशीची टॉन्सिलची छान तपकिरी स्लाइड ट्रेमध्ये पडून होती. ती काकाच्या कोऱ्या स्लाइडशेजारी ठेवली असती तर मॅडमनी सही केली असती. रिपोर्ट निगेटिव्ह. औषध नाही. महिन्या दोन महिन्यांत गावात टाहो फुटला असता आणि मी फुलं पाठवली असती.

मी ती स्लाइड हातात घेतलीही. खूप वेळ धरून उभी राहिले. मला वाटतं, मी चांगली आहे म्हणून ती खाली ठेवली असं नाही. मला रागच आला. ह्या माणसाला मारायचं असेल तर मी तोंडावर जाऊन मारीन, वावरात, चारचौघांपुढं, शिव्या घालून. कुकरच्या रिंगमागं लपून मारायला मी काय भेकड आहे? आणि तो म्हणाला होता ती खोटं सांगणार नाही. तो बरोबर ठरणार याचा राग वेगळाच. दात ओठ खात मी नवी रिंग बसवली आणि सगळं पहिल्यापासून केलं.

या वेळी टॉन्सिल तपकिरी झाली. काकाची स्लाइड पाहिली आणि खुर्चीत बसले. अर्ध्याहून जास्त पेशींच्या कडा तपकिरी, गच्च, बिनचूक. मॅडमनी पाहिलं, सही केली, म्हणाल्या, काम सुंदर झालंय. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर मूठ आपटली. दोन बोटं सुजली. संदीपला फोन करून सांगितलं, औषध लागू पडायचा चान्स हाय, घेऊन टाका. तो "ताई, ताई" करत राहिला. मी फोन कापला.

त्यानंतर काही महिने काकाचं औषध चालू आहे एवढं कळत होतं. मी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

परवा बाबांचा फोन आला. आवाज चढलेला. "तुया काका आला होता आज विहिरीवर. पान्याची पाळी आपली अन् त्यानं मोटारच बंद करून टाकली."

मी विचारलं, "मारलं का तुमाले?"

"मारते कशाचा. शिव्या देल्ल्या. मीबी देल्ल्या. अख्खं गाव गोया झालं."

मी लॅबच्या जिन्यात उभी राहून किंचाळले, "अन् त्याले मी जगवला! मरू द्याले पायजे होता त्याले!" जिन्यातून जाणारी दोन माणसं थबकली. मला पर्वा नव्हती. मी पुण्यात घर घेतलंय, इथं माझी खिडकी आहे, माझा गॅस आहे, पण मी एवढ्या मोठ्यानं फक्त तिकडच्या माणसांसाठी ओरडते. तिथं कुणी कुणाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तरी घर कुठं म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं तेच वावर येतं, तेच दोन म्हातारे भांडताना दिसतात.

  मग बाबांचा आवाज आला, अगदी हळू, रडल्यासारखा.

"आईक ना वं. घंटाभर बोंबलला तो. एकदाबी खोकलला नाही."