मधला जोड

आमच्या भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, हाती आलेली कुठलीही गोष्ट उभ्या जन्मात कधी एकाच ठिकाणी गेली नाही. सकाळचं वर्तमानपत्र आलं की ते मधून वेगळं करायचे, आतली पानं खालच्या बिऱ्हाडाला आणि बाहेरची स्वतःला, आणि मग पहिल्या पानावरची बातमी आत कशी संपली हे विचारायला रोज जिना उतरून जायचे. प्रताप नगरातल्या त्या घराच्या नळाला त्यांनी स्वतःच्या हाताने लोखंडी टी बसवला होता. टी म्हणजे नळाचा तीन तोंडांचा जोड, एकातून पाणी येतं आणि दोनांतून जातं. एक तोंड आमच्या ड्रमात आणि दुसऱ्याला रबरी पाइप लावून भिंतीवरून शेजाऱ्यांकडे. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायची. तिचे दोन भाग झाले की दोन्ही घरं सारखीच कोरडी राहायची. ताई चिडली की भाऊजी शांतपणे म्हणत, "दोघांकडेही नाही म्हटल्यावर भांडायचं कशाला?" ताईला भांडायला तेवढं पुरत असे.

हा माणूस संगणकावर बसला नसता तर मोठा प्लंबर झाला असता, असं ताईचं मत होतं. पण ते एका कार्यालयाच्या संगणक विभागात होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कपाटाएवढं एक यंत्र आणि त्याला जोडलेले काळ्या पडद्याचे काही टर्मिनल, एवढा तो विभाग. सगळा कारभार आज्ञा टाइप करून चालायचा, आणि शेकडो आज्ञांमधून भाऊजींचा जीव जडला होता तो नेमका टी नावाच्याच आज्ञेवर. यंत्रातून माहिती धारेसारखी वाहत येते. मध्ये टी लावला की ती पडद्यावरही दिसते आणि त्याच वेळी फाइलमध्येही साठते. हवं तर छपाईयंत्रावर जाते, दुसऱ्याच्या टर्मिनलवरही उमटते. भाऊजींना नुसती आजची तारीख पाहायची असली तरी ते ती टी लावून पाहत. ती पडद्यावर येई, फाइलमध्ये जाई आणि कोपऱ्यातलं छपाईयंत्र किंचाळून तीच तारीख लांबलचक कागदावर छापून देई. भांडार सांभाळणारे लिपिक एकदा हात जोडून म्हणाले, "साहेब, तारीख भिंतीवर पण आहे." भाऊजींनी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि कॅलेंडर पडलं तर?"

त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून खराखुरा एक लोखंडी टी ठेवलेला असायचा. मी विभागात नवा लागलो तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला. "याच्यातून एवढं पाणी जातं, हा एक घोट तरी पितो का? नाही. आलं तसं पुढे देतो. गढूळ आलं तर गढूळ. माणसानं एवढं जरी केलं तरी पुष्कळ झालं." मी मान डोलावली. माझं लक्ष दाराकडे होतं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

त्या वर्षांत माझं लक्ष कायम दाराकडेच असे. उमरेडजवळच्या खेड्यातून शिकायला आलेला मी, आमच्या घरातला पहिला पदवीधर. राहत होतो ताईकडे, जेवत होतो ताईकडे, सायकल भाऊजींची. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन नोकरी मिळवली ती नेमकी भाऊजींच्याच विभागात. लोक म्हणतील, मेहुण्याला चिकटवला. म्हणून मी त्यांच्या पाया पडून सांगितलं होतं की माझी नोकरी पक्की होईपर्यंत नातं कोणाला कळू देऊ नका. ज्याच्या पोटात गोष्ट ठेवली की ती दोन घरी पोचायची, त्या माणसाने हे वचन पाळलं. त्यांना ते फार जड गेलं. ऑफिसात ते मला 'मिस्टर' म्हणू लागले, तेही इतक्या मोठ्याने की ऐकणाऱ्याला संशय यावा. दोघांच्या डब्यात रोज एकच भाजी असायची, म्हणून मी डबा जिन्यात बसून खाई. शिवाय भाषेची लाज होतीच. 'मले-तुले' मी कॉलेजात घासून घासून काढून टाकलं होतं आणि ऑफिसात पाठ्यपुस्तकासारखा बोलत असे. सुट्टीत घरी गेलो तरी तोंडातून तेच निघायचं, आणि आई-बाबा पाहुण्याशी बोलावं तसं माझ्याशी जपून बोलायचे.

मे महिना होता. मुंबईहून पाहुणे आले होते आणि ते विभागप्रमुख साहेबांच्या केबिनमध्ये बसले होते. दुपारी त्यांना यंत्राची करामत दाखवायची होती. आमच्या खोलीत टाइप केलेलं केबिनमधल्या टर्मिनलवर उमटणार होतं. भाऊजींनी सकाळीच टी लावून रंगीत तालीम घेतली होती. माझ्या पक्केपणाचे कागदही त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होते. मी भांडारातून छपाईचा कागद घेऊन परत आलो आणि दारातच थबकलो. धूळ नको म्हणून आमच्या खोलीत चपला-बूट बाहेर काढून जायचा नियम होता. त्या चकचकीत बुटांच्या रांगेत टायरच्या तळाच्या दोन चपला होत्या. त्या मी जन्मापासून ओळखत होतो.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या दिवशी धंतोलीतल्या दवाखान्यात पट्टी बदलून ते संध्याकाळच्या बसने गावी परतणार होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि अख्ख्या इमारतीत गार खोली एकच, म्हणून भाऊजी त्यांना तिथे घेऊन आले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर पिशवी, पाय वर घेऊन बाबा खुर्चीत बसले होते. हे काय काय करतं, असं त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून विचारलं असावं, कारण भाऊजींना भरतं आलं होतं. त्यांचा बेत साधा होता. बाबा बोलतील ते टाइप करायचं आणि ते माझ्या टर्मिनलवर उमटवून मला चकित करायचं. पण आज्ञा नव्याने लिहिण्याऐवजी त्यांनी सकाळचीच परत चालवली, आणि तिच्यात साहेबांची केबिन तशीच होती.

"बोला मामाजी, काय लिहू? हे तिकडं उमटते," भाऊजी सासऱ्यांना म्हणत होते.

"सायबाले पोचते का?" बाबांनी विचारलं.

भाऊजी हसले. "समजा पोचते."

बाबांनी पाय खाली सोडले, टोपी सारखी केली आणि यंत्राला हात जोडले. "सायेब, माह्या पोराले पक्कं करा. तो चांगलं काम करते. पण त्याले सोताहून मांगून घ्याची लाज वाटते. त्याले आमची बी लाज वाटते, पण तो वाईट नाही. तुमच्यासारखं बोलाले शिकला, आता आमाले त्याचं अर्धं समजत नाही. म्हणून मीच सांगून राहिलो."

भाऊजींचं हसू पहिल्याच वाक्याला मावळलं होतं, पण बोटं थांबली नाहीत. रोमन अक्षरांत, एकेक शब्द, 'माह्या'चं 'माझ्या' न करता, ते लिहीत गेले. माझ्या दोन्ही हातांत कागदाचे गठ्ठे होते. तोंड मोकळं होतं, पण ते उघडलं नाही. मग केबिनमधून हशा ऐकू आला आणि पाठोपाठ साहेब बाहेर आले. नियम त्यांनीच केला होता, त्यामुळे रागावलेल्या माणसाला आधी दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडाव्या लागल्या. तेवढ्या वेळात भाऊजी उभे राहिले आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं एका दमात बोलून गेले, "सर, चूक माझी आहे. हे माझे सासरे, आणि तो दारातला माझा मेहुणा."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि भाऊजींना म्हणाले, "सासऱ्यांना सांगा, अर्ज पोचला." मग आवाज बदलून, "आणि तुम्हाला मेमो मिळेल."

मेमो मिळाला. भाऊजींनी तो वाचला आणि दुसरी प्रत कुठे आहे म्हणून विचारलं. त्या वर्षीची बढतीही त्यांच्या हातून गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. ज्या माणसाने एक माझं गुपित सोडलं तर दुसऱ्याची म्हणून गोष्ट कधी अडवून धरली नाही, त्याने स्वतःची तेवढी अडवून धरली. मी पक्का झालो. कोणाच्या शब्दाने झालो, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

आता ते यंत्र भंगारात गेलं, बाबा गेले, गेल्या साली भाऊजीही गेले. तो लोखंडी टी ताईने माझ्याकडे पाठवला. तो हातात घेतला की मला ती संध्याकाळ आठवते. उमरेडच्या बसपाशी आम्ही तिघं उभे होतो. भाऊजींच्या खांद्यावर बाबांची पिशवी होती आणि मी चार पावलं लांब, ओळख नसल्यासारखा. बसमध्ये चढताना बाबा दांडा धरून थांबले आणि वळून म्हणाले, "जवाईबापू, माहं बोलणं तसंच पोचलं नं? का सुधरवून धाडलं?"

"तसंच, मामाजी," भाऊजी म्हणाले. "एक अक्षर नाही बदललं."

बाबांचा चेहरा केवढा उजळला. बस निघाली आणि मी धुळीत उभा राहून एवढाच विचार करत होतो की, त्या खुर्चीत भाऊजींच्या जागी मी असतो तर सुधारून पाठवलं असतं.