भाजलेला दगड

आखाडा बाळापूरहून हिंगोलीला जाणाऱ्या एसटीत एक म्हातारबा माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर उपरण्यात बांधलेला काळा दगड होता. थोड्या थोड्या वेळानं ते गाठ सोडून तो हुंगत आणि पुन्हा बांधून ठेवत. मी भूगर्भशास्त्राचा पदवीधर, आमच्या घरातला पहिलाच, हे कळताच त्यांनी दगड माझ्या हातात दिला.

"परदेशात जमिनीतला दगड तिथल्या तिथं तापवून तेल काढून राहिले. मोबाइलवर पाह्यलं. म्हनून म्या बी शेतातला दगड गॅसवर भाजला. अख्खा सिलेंडर संपला."

"तेल निघालं?"

"न्हाई. सून रुसून माहेरी गेली. दगडात काय बी न्हाई, असं पहिल्या दिवसापासून सांगून राहिली होती. तिलाच आणायला चाललो."

मी मनापासून समजावलं. तेल देणारा खडक वेगळा असतो, त्यात फार जुन्या जिवांचे अवशेष दबलेले असतात. आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हारस.

"म्हंजे ह्यो आधीच भाजून झालेला व्हय?"

त्यांनी दगड माझ्या हातातून घेऊन पुन्हा उपरण्यात बांधला. मग त्यांनी फोन लावला.

"सूनबाई, तुझं बराबर होतं. शिकलेले सायेब बी तेच म्हनले. चल आता घरी."

पलीकडचं ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"येते म्हनते. पण सायबाचा नंबर घेऊन ठेवा म्हनते, पुढच्या खेपेला लागंल."

माझं शिक्षण कुणाच्या तरी कामी यावं, अशी आईबापाची फार इच्छा होती. मी लगेच नंबर दिला.