भूत जपानचं, रिमेक अमेरिकेचा, टीव्ही जोशीकाकूंचा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही हो! कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधली पाच मराठी घरं दर रविवारी दुपारी तीन वाजता एका टीव्हीसमोर बसवा, पडदे ओढा आणि भुताचा सिनेमा लावा. नको म्हटलं तरी किस्से साठतात.

आमच्या भूतमंडळाचा नियम एकच. एका रविवारी मूळ सिनेमा, म्हणजे जपानचा, कोरियाचा नाहीतर थायलंडचा. पुढच्या रविवारी त्याचाच हॉलिवूडने केलेला रिमेक. मग थालीपीठ आणि भांडण.

टीव्ही जोशीकाकूंचा. काका सरकारी नोकरीत बदली होऊन इथे आले आणि रिटायर झाल्यावरही इथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून मुलगा मंदार पुण्याहून मागे लागलाय, "आई, फ्लॅट विकू, तू इकडे ये." काकूंचं उत्तर ठरलेलं, "मला माझ्या घरातून हलवू नकोस." त्यांना एकटं वाटू नये म्हणून तर आम्ही मंडळ काढलं. भुतांची आवड मात्र काकूंची स्वतःची!

* * *

काकूंना इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी ती मोठ्याने मराठीत सांगते. मी बँकेतली बाई. दिवसभर सर्क्युलरं वाचते, तेव्हा भुतंही त्याच भाषेत बोलायला लागतात.

एका कोरियन सिनेमात मेलेली सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. मी वाचलं, "आपण माझ्या घरातून निघून जावे."

काकूंनी सिनेमाच थांबवला. "अगं, सासू आहे ना ती? मेली म्हणून काय सुनेला अहो-जाहो करेल? नीट सांग!"

"चालती हो माझ्या घरातून!" मी ओरडले.

"हां, आता कशी भीती वाटली!"

पुढच्या रविवारी रिमेकमध्ये सासूच गायब. तिच्या जागी कुठल्यातरी जुन्या हॉस्पिटलातली नर्स! काकू वैतागल्या. मी समजावलं, "काकू, तिकडे सासू सुनेबरोबर राहत नाही."

काकूंना मनापासून वाईट वाटलं. "मग काय, नर्सच आणावी लागणार. बिचारे!"

* * *

सालपेकर नागपूरचा. सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत आहे आणि राहतो आठव्या मजल्यावर. "आपल्याले भेव-बिव काही वाटत नाही बाप्पा!" हे त्याचं नेहमीचं.

एकदा थायलंडचा सिनेमा लावला. लिफ्टमध्ये एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी. कोण, कुठली, कशी मेली, शेवटपर्यंत पत्ता नाही! सिनेमा संपला आणि सालपेकर दुसऱ्या दिवसापासून आठ जिने चढायला लागला. बायकोला म्हणाला, "बीपीसाठी चांगलं असते."

पुढच्या रविवारी रिमेक. अमेरिकनांनी पहिल्या अर्ध्या तासातच पोरीचं नाव, शाळा, डॉक्टरचे कागद, ढकलणारा कोण, सगळं शोधून काढलं! त्याच संध्याकाळी सालपेकर लिफ्टने वर गेला.

"आता तिची पूर्ण केस माहीत आहे ना," तो म्हणाला. "ओळखीच्या माणसाले काय भ्यायचं?"

* * *

काकूंच्या खाली बिस्वासदा राहतात. एका रविवारी रिमेक बघायला तेही आले. शेवटी भुताला कंटाळून ते कुटुंब गाडीत बसून घर सोडून जातं. सुटले बिचारे म्हणून आम्ही श्वास सोडला. बिस्वासदा मात्र संतापून उभेच राहिले.

"इतना बड़ा साउथ-फेसिंग बाड़ी छोड़ के भाग गया? पागल है क्या! भूत के साथ थोड़ा ऐडजस्ट नहीं कर सकता?"

* * *

आता मागच्या महिन्यातलं. काकू बाथरूममध्ये पडल्या आणि हात प्लास्टरमध्ये गेला. बिस्वासदांनी उचलून हॉस्पिटलात नेलं, पण मंदारला दोन तासांनी कळलं. तो विमानानेच आला आणि आल्या आल्या एजंट गाठला. त्याचंही चूक नव्हतं हो. घाबरला होता बिचारा.

गिऱ्हाईक येणार होतं नेमकं रविवारी साडेतीनला. काकूंचा मला रडत फोन, "मला नाही गं जायचं."

सालपेकरकडे प्लॅन तयार. "मेन स्विच मी खालीवर करतो. तुम्ही आतून दार आपटा!"

काकू म्हणाल्या, "माझ्या घरात असला थिल्लरपणा चालणार नाही."

साडेतीनला एजंट एका तरुण जोडप्याला घेऊन आला. सिनेमा थांबवला. खोलीत आम्ही चौदा माणसं दाटीवाटीने बसलेलो आणि काकांची वेताची खुर्ची तेवढी रिकामी. काकूंनी एका हाताने सगळ्यांना चहा दिला. मग एक कप खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, पाहुणे आलेत. आत जाऊन शर्ट घालून या बघू."

जोडप्याला मराठी कळेना. काकूंनी हसून हिंदीत सांगितलं, "बनियान पे ही बैठे थे. मैंने बोला, शर्ट पहन के आइए."

त्या मुलीने खुर्चीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या, हार घातलेल्या काकांच्या फोटोकडे बघितलं. "ये अंकल?"

"हाँ हाँ, वही."

जोडप्याला एकदम दुसरा फ्लॅट बघायचा असल्याचं आठवलं. चहा तसाच टाकून दोघं निघाले. त्यांच्या मागे एजंट धावला.

"आई!" मंदार म्हणाला.

काकूंनी स्टुलावरचा कप खुर्चीच्या आणखी जवळ सरकवला. "अरे, इथे मी ह्यांच्याशी दिवसभर बोलते. तुझ्याकडे येऊन बोलायला लागले तर सगळे मला वेडी म्हणतील. मला नाही रे जायचं."

तेवढ्यात मंदारचा फोन वाजला. एजंटचा आवाज एवढा मोठा, की आम्हालाही स्पष्ट ऐकू येत होता.

"दादा, टेंशन मत लो. कल दूसरा पार्टी लाता हूँ."

"नहीं," मंदार म्हणाला. "फ्लॅट नहीं बेचना है."

"क्यों दादा? कल तक तो आप बहुत जल्दी में थे!"

मंदारने एकदा आईकडे बघितलं, एकदा वेताच्या खुर्चीकडे. घसा खाकरून म्हणाला, "पिताजी राज़ी नहीं हैं."