टायपिस्टबाईंची बावीस पानं

कोर्टात चौतीस वर्षं लोकांचे जबाब टाइप करून निवृत्त झालेल्या बाईंना सगळे टायपिस्टबाईच म्हणत. समोरचा बोलत असताना त्यांची बोटं कानामागोमाग धावायची. निवृत्तीनंतर त्यांना एकच जबाब घ्यायचा होता, थोरल्या बहिणीचा. आई गेल्यावर अक्कानेच त्यांना वाढवलं, सूतगिरणीत पाळ्या करून शिकवलं. आता एक्याऐंशीची अक्का विसरायला लागली होती. सकाळचा एखादा तास मात्र तिला लख्ख आठवायचं.

जुन्या टाइपरायटरची फीत कुठे मिळेना, म्हणून बाईंनी नवा कॉम्प्युटर घेतला. "लिहायचं सगळं आत आहे ना?" त्यांनी दुकानदाराला दोनदा विचारलं.

"सगळं आहे, मावशी. घरी न्या नि सुरू करा."

महिनाभर छान चाललं. बावीस पानं झाली. एका सकाळी अक्का आपण होऊन म्हणाली, "मी शाळा सोडली नव्हती गं. माझं नाव काढलं. कुणी काढलं, माहितीये?"

साठ वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. बाईंची बोटं सरसावली, आणि पडद्यावर एक चौकट उगवली. लिहिण्याच्या प्रोग्रॅमची महिन्याची चाचणी-मुदत संपली, वर्षाचे पैसे भरा, तोवर फक्त वाचता येईल. बाईंनी ती बंद केली. ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा हजर. शेवटी पेन्सिल शोधून त्या वळल्या, तोवर अक्का खिडकीबाहेर बघत बसली होती.

"कुणी काढलं गं नाव?"

"कुणाचं नाव?" अक्काने विचारलं.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पायात चपला सरकवून त्या तडक दुकानात गेल्या.

"मुदत असते हे सांगितलं का नाहीत?"

"ते सगळ्यांना माहीतच असतं, मावशी."

"मला माहीत नव्हतं म्हणून तर विचारलं! दोनदा! बावीस पानं माझी, अक्षर न् अक्षर माझ्या बोटांचं, आणि मलाच हात लावायला बंदी?"

दुकानदाराने आवाज खाली आणला. "चिडू नका. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅमची कॉपी गुपचूप टाकून देतो. कुणाला कळत नाही."

"चौतीस वर्षं चोरांचे जबाब टाइप केलेत मी. कुणाला कळणार नाही, असंच सगळ्यांना वाटलेलं असायचं," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

वाचनालयात काम करणाऱ्या शेजारणीला हे कळलं, तेव्हा ती हसलीच. "अहो, आमच्याकडे रीतसर फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. कुणीही घ्यावा." तिने संध्याकाळी शेजारी बसून सांगितलं आणि बाईंनी स्वतः एकेक बटण दाबत तो उतरवून घेतला. कळफलकाची मांडणीही टाइपरायटरसारखी करता आली. बावीस पानं उघडली, बदलता येऊ लागली. पण बाईंचा राग निवण्याऐवजी भडकलाच. म्हणजे असा रस्ता होता, फुकट आणि सरळ, आणि त्या मेल्याने चोरीचा दाखवला!

नव्या प्रोग्रॅमवर पहिल्यांदा टाइप झाली ती ग्राहक कार्यालयाला तक्रार, क्रमवार सतरा मुद्दे. नोटीस मिळताच दुकानदार घरी आला.

"एवढ्याशा गोष्टीसाठी, मावशी?"

"एवढीशी?" बाई म्हणाल्या. "माझी बहीण आयुष्यात एकदा मनातलं बोलायला लागली होती. ते मला तुमच्या दुकानात विकत मिळणारेय का?"

तक्रार मागे घ्यायला बाईंनी एकच अट घातली. दुकानाच्या काचेवर आता त्यांनी टाइप केलेला कागद आहे: लिहिण्याचा प्रोग्रॅम महिनाभरच चालतो. फुकटचाही मिळतो, विचारा.

अक्का अजून बोलते, गिरणीतल्या मैत्रिणींबद्दल, भोंग्याबद्दल. शाळेचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. बाई मधूनमधून मुद्दाम दुकानाच्या रस्त्याने जातात. एकदा कागदाचा कोपरा सुटून लोंबत होता. त्यांनी आत जाऊन चिकटपट्टी मागितली. दुकानदाराने ती मुकाट्याने काढून दिली.