चिऊच्या उष्टावणासाठी वारज्याहून मांजरीला

मला स्वयंपाक येत नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. लग्न झालं, पोरगी झाली, ती सात महिन्यांची झाली, तरी मला साधा भात येत नव्हता. शिक्षणही सातवीपर्यंतच. हे पण मी फोनमध्ये बोलून लिहितेय. पण लहान बाळ घेऊन पुण्यात वारज्याहून मांजरीला बसने एकटीने कसं जायचं, हे कोणी लिहिलेलं असतं तर माझी भीती जरा कमी झाली असती. म्हणून लिहिते.

जायचं ठरलं ते सासूबाईंच्या फोनमुळे. लस द्यायला नेलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या, वजन कमी आहे, आता मऊ भात, वरणाचं पाणी सुरू करा. मी केलेलं सगळं चिऊने थुंकून टाकलं. बरोबर होतं तिचं. भात खाली करपलेला आणि वर कच्चा, मोठ्या माणसालाही गिळला नसता. मग मी दुधात बिस्कीट कालवून द्यायला लागले आणि ह्यांना सांगितलंच नाही. ह्यांचं एक जेवण कंपनीत होतं, दुसरं आमच्या बिल्डिंगखालच्या पोळी-भाजी केंद्रातून येतं. त्यामुळे इतके दिवस माझं झाकून राहिलं होतं.

सासूबाई गोंदियाकडे गावाला असतात. फोन स्पीकरवर होता. "पोरगी काही खाऊन नाही राहिली म्हणते संतोष. मी रविवारी येते. खात असली तं ठीक. नाही तं मी घेऊन जाते तिले. इकडे दोन घास तं जातीन पोटात."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "आई चुकीचं काय बोलली?"

काही चुकीचं बोलल्या नव्हत्या. म्हणून तर भांडायला तोंडच नव्हतं.

माझा लहान भाऊ सूरज मांजरीला राहतो. तिकडे कंपनीत आहे, चार पोरं मिळून एक खोली घेतलीय. बाळाचं उष्टावण, म्हणजे पहिला घास, मामाच्या हातून करतात. त्याला सुट्टी मिळेना म्हणून आमचं राहिलं होतं. मी त्याला फोन लावला आणि म्हणलं, मीच येते, दोन दिवस राहते, खीर करून आणते. खीर करून आणते, हे का बोलले ते मलाच कळलं नाही. तो म्हणाला, "आण."

शुक्रवारी सकाळी मी स्टीलचा डबा घेऊन खाली केंद्रात गेले. काऊंटरवरच्या काकूंना म्हणलं, खीर द्या.

"कशाला हवीय?"

"उष्टावण आहे."

"उष्टावण आमचं आहे का तुमच्या बाळाचं?"

त्यांनी डबा भरला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "गोड भरपूर आहे हो, बाळाला जपून द्या. आणि डबा तुमचा आहे म्हणून खीर तुमची होत नाही." मागे उभे असलेले आजोबा हसले. मी पैसे देऊन मान खाली घालून निघाले.

आता बसचं सांगते. बाळ असेल तर सकाळच्या ऑफिसच्या गर्दीत निघू नका, दहा वाजून गेले की वारज्याहून स्वारगेटच्या बसमध्ये बसायला मिळतं. बायकांच्या सीट डावीकडे असतात, पुढच्या दाराजवळची धरा, उतरायला सोपं पडतं. सुट्टे पैसे हातातच ठेवा. पर्स उघडायची, बाळ धरायचं आणि डबा सांभाळायचा, हे तिन्ही एकदम होत नाही. माझ्या पिशवीत खीर थोडी सांडलीच.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, साडी नीट इस्त्री केलेली. चिऊ त्यांचा पदर ओढत होती.

"केवढी आहे?"

"सात महिने."

"काय काय खाते?"

"सगळं," मी म्हणलं.

त्यांनी चिऊच्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. स्वारगेट येईपर्यंत मी चिऊच्या बाह्या खाली ओढत बसले.

स्वारगेटला घाबरायला होतं हे खरं. चारी बाजूंनी बसगाड्या येतात, आणि एकाला विचारलं की तो एक दिशा दाखवतो, दुसरा दुसरी. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत उभे असतात त्यांनाच विचारायचं. मी विचारलं, "मांजरीची बस इथंच लागते का?" त्यातला एक म्हणाला, "लागते. कधी लागते ते विचारू नका." पण नंतर त्यानेच हाक मारून मला बस दाखवली. चिऊला दूध पाजायचं असेल तर बस सुटायच्या आधी, गाडी उभी असतानाच पाजा. हडपसरच्या पुढे रस्त्यात इतके गचके बसतात की पाजता येत नाही.

हडपसर सोडलं की उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. मग ऊस, मग उंच बिल्डिंगी, परत ऊस. एका बिल्डिंगच्या गॅलरीत साड्या वाळत होत्या आणि खाली लगेच शेत. मला गावासारखं वाटलं आणि रडायला आलं.

सूरज स्टॉपवर उभा होता, त्या दिवसाची पाळी मित्राशी बदलून घेतली होती. त्याने आधी चिऊला घेतलं, मग डबा.

खोली लहान आहे पण ओटा चकचकीत. एकच कुकर, एकच शेगडी, खिळ्याला मसाल्याची पाकिटं चिमट्याने लावलेली. सूरजने डबा उघडला. शेवयांची खीर, वर चारोळ्या. आमचं गाव धानाचं आहे. आमच्याकडे उष्टावणाला तांदळाचीच खीर करतात, गूळ घालून. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

"तू केली?"

"हो."

त्याने झाकण लावलं. "ही आम्ही खाऊ. चिऊची उद्या करू."

त्याचा रूममेट गोविंद लातूरकडचा. दुपारी जेवताना त्याने दोन वाट्या खीर खाल्ली आणि म्हणाला, "ताई, एकदम दुकानातल्यासारखी झालीय." त्याने मनापासून म्हणलं होतं. मला वाटलं उठून परत स्वारगेटला जावं.

पोरं जेवून परत कामाला गेल्यावर मी सूरजला सांगितलं. खिरीचं, बिस्किटांचं, सासूबाई रविवारी येणार त्याचं, सगळं. तो चिऊचा लंगोट बदलत होता. म्हणाला, "माहीत होतं मले. चारोळी तू कधी बघितली तरी का?"

"मग बोलला काहून नाही?"

"उद्या बोलणार होतो."

मला कळलं नाही. संध्याकाळी गोविंदने समजावलं. ह्या खोलीचा नियम असा, की नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी स्वयंपाक त्याने करायचा. जे होईल ते सगळ्यांनी ताटात संपवायचं. त्या दिवशी कोणी नाव ठेवायचं नाही. काय चुकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर सांगायचं, तेव्हा मात्र सोडायचं नाही. "मी पहिल्या दिवशी पिठलं केलं होतं," तो म्हणाला. "ह्यांनी चाकूने कापून खाल्लं. पण खाल्लं."

"मग आज ताई करणार," सूरज म्हणाला.

मला कुकरची भीती वाटते. फुटेल असंच वाटत राहतं. सूरजने तांदूळ-डाळ धुऊन दिली, पाणी मलाच घालायला लावलं आणि म्हणाला, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. मी चिऊला कडेवर घेऊन लांब, दारापाशी उभी राहिले आणि शिट्ट्या मोजल्या. तीन झाल्या तशी पळत जाऊन गॅस बंद केला.

खिचडी ताटात पडली ती खडखडत. चौघं मांडी घालून बसले आणि खायला लागले. कोणी बोलेना, नुसता दातांचा आवाज. गोविंदने विचारलं, "मीठ मागितलं तर ते नाव ठेवण्यात येतं का?"

"येतं," सूरज म्हणाला.

गोविंदने तसंच खाल्लं. मी पण खाल्लं. मान वर करायची माझी हिंमत नव्हती. कामावरून थकून आलेली पोरं, आणि त्यांच्या पोटात मी हे घातलं. मी मनात म्हणलं, सासूबाईंनी नेलेलं बरं पोरीला. रात्री पोरं वरच्या मजल्यावर मित्रांच्या खोलीत झोपायला गेली, आम्हाला जागा करून.

सकाळी चहा ओतला आणि सगळे एकदम सुरू झाले. पाणी कमी. मीठ नाही. हळद कच्ची. मग गोविंद म्हणाला, "आणि ताई, त्या शिट्ट्या शेजारच्यांच्या होत्या."

"काय?"

"भिंत पातळ आहे ना. आपला कुकर एकदाच वाजला, तोही तुम्ही बंद करताना. त्यांच्या कुकरवर आपली खिचडी कशी शिजणार?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन. लाज वाटत होतीच, पण आता त्या लाजेला काहीतरी करता येण्यासारखं होतं. पाणी वाढवता येतं. मीठ घालता येतं. आपल्या कुकरजवळ उभं राहता येतं.

सूरजने कुकर बाजूला ठेवला आणि पातेलं काढलं. "तुले दिसलं पाहिजे आत काय चाललंय ते," म्हणाला. तांदूळ धुऊन, कोरडे करून, जरा भाजून भरड केली. मग पाण्यात शिजवायला ठेवली. कण बोटात चिरडून बघायचा, मधे टोचलं की अजून थांबायचं. दूध घातलं. गूळ गॅस बंद करून मगच, नाहीतर दूध फाटतं. चमचा सगळा वेळ माझ्याच हातात होता. तो नुसता शेजारी उभा.

त्याने चिऊला मांडीवर घेऊन पहिला घास दिला. तिने थुंकला, त्याच्या शर्टवर. त्याने परत बोट बुडवलं. तिने चाटलं, विचार केल्यासारखा चेहरा केला, मग त्याचं बोटच दोन्ही हातांनी धरलं आणि आ केला.

मी भांडी घासताना विचारलं, "तुमच्या खोलीचा हा नियम केला कोणी?"

"तूच."

आमची आई आजारी पडली तेव्हा मी शाळा सोडून रोवणीला, म्हणजे धान लावायला, जायला लागले. सूरज घरी राहून आईचं बघायचा आणि चूल पेटवायचा. म्हणून तो स्वयंपाक शिकला आणि मी राहिले. आई गेल्यावरही तसंच चाललं. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी मी भात केला होता, गाळाचा गोळा. तू चिखलातून आलीस, बसलीस, सगळा खाल्लास. एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना म्हणालीस, आज पाणी कमी घाल."

मला ते आठवतही नव्हतं. मी दमले असेन म्हणून बोलले नसेन. त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "असू दे."

शनिवारी दुपारच्या बसने परत आले. रस्ताभर मनात पाणी मोजत होते.

रविवारी सासूबाई आल्या. खांद्याला एक मोठी पिशवी, रिकामी. चिऊच्या कपड्यांसाठी आणली होती, विचारायची गरज नव्हती. मी पातेल्यात मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. चिऊ रडली म्हणून वळले, तेवढ्यात भात खाली लागला. वास घरभर झाला. वरचा काढून चिऊला दिला. उरलेला त्यांच्या ताटात वाढला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

त्या जेवल्या. काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते, कधी बोलतील, कधी पिशवी उघडतील. चिऊने वाटी संपवून ती जमिनीवर आपटली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "अजून दे तिले."

केंद्रातून मी अजून पोळ्या आणते. त्या मला येत नाहीत. काकूंनी विचारलं, खीर आवडली का. मी म्हणलं, मोठ्यांनी खाल्ली, बाळाची मी वेगळी केली. "अस्सं," म्हणाल्या, एवढंच. बसमधल्या त्या बाईंना खोटं बोलले ते मात्र अजून टोचतं. परत भेटल्या तर चिऊची बाही मीच वर करून दाखवेन.

सोमवारी सकाळी मी सासूबाईंना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काल भात खाली लागला होता. गॅस बारीक ठेवत जा."

सूरजच्या खोलीचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. मी "हो आई" म्हणलं आणि पटकन आत गेले. संध्याकाळच्या गाडीने त्या निघाल्या, तेव्हा पिशवीची घडी करून काखेत मारली होती.