खालच्या रांगेतल्या करवंट्या

पिंजऱ्यात करवंटी. एकाच पिंजऱ्यात नाही, खालच्या रांगेतल्या प्रत्येक पिंजऱ्यात एक. तिच्यावर म्हातारे उंदीर चढत होते, धपकन खाली उड्या मारत होते.

बायकोचा, सुमनचा, तेरावा आदल्या दिवशीच झाला होता. पोरगा म्हणाला, अजून घरीच थांबा. थांबून काय करू? मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत नुसती ऊठबस करत होतो. म्हणून सकाळीच कॉलेजात आलो. औषधांवर संशोधन करणाऱ्या कॉलेजात मी उंदीर सांभाळतो. शाळा माझी चौथीपर्यंत.

काम काय होतं ते सांगतो. उंदीर दोन वर्षांचा झाला की म्हातारा. त्याला भूल देऊन उजवी नडगी मशीनमध्ये थोडी थोडी दाबायची. डावी तशीच ठेवायची, तुलनेला. तरण्या उंदराचं हाड असं दाबलं की जाड होतं. म्हाताऱ्याचं ऐकतच नाही. हा प्रयोग करणाऱ्या मॅडमचं म्हणणं, म्हाताऱ्या हाडात काही पेशी काम करत नाहीत आणि मरतही नाहीत. नुसत्या बसून राहतात, शेजारच्यांनाही बिघडवतात. औषधानं त्या काढल्या तर हाड पुन्हा ऐकेल का, हे बघायचं.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, "मॅडम, मग मलाही काढा."

अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, ते मलाही ठाऊक नाही, मॅडमलाही नाही. दोन्ही रांगांत सरमिसळ.

झाडलोट करणाऱ्या नंदाबाईला हाक मारली. "हे कुणी केलं?"

"मीच की, भाऊ. तुम्ही रजेवर होता तवा. गणपतीचं वाहन हाय. आपल्या हॉलमधल्या आरतीला रोज नारळ फुटायचा. देवाची करवंटी कचऱ्यात टाकू व्हय? म्हाताऱ्या जिवांना तेवढंच घर."

"मग खालच्यांनाच का?"

"वर माझा हात पुरत नाय."

तिला समजावलं. उड्या मारल्या की डाव्या पायावरही जोर येतो. मग तुलना कशाशी करायची? ती खालीच बसली.

"गुपचूप काढून टाका ना, भाऊ. माझी नोकरी जाईल. वहिनी असत्या तर त्यांनी झाकलं असतं."

"सुमन? तीच पहिली सांगायला गेली असती. ऊठ."

मॅडमच्या केबिनकडं निघालो, मनात सुमनच. सुमन मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणायचे, पायावर भार द्या, हाड भरेल. वॉकर धरून ती रोज भार द्यायची. भरलं नाही ते नाहीच. अंथरूण धरलं आणि गेली. म्हणून मला या उंदरांचं उत्तर पाहिजे होतं. आणि ते 'होय' असंच पाहिजे होतं.

मॅडमनी येऊन सगळे पिंजरे बघितले. नंदाबाई भिंतीला टेकून उभी.

"खालची रांग हिशेबात धरता येणार नाही, काका."

"निम्मे उंदीर जातील की! करवंट्या आत्ता काढतो. धरा सगळे."

"डावा पायच बिघडलाय. तो आता परत कसा आणायचा?"

"मला उत्तर पाहिजे, मॅडम."

"मलाही पाहिजे. पण हे घेतलं तर ते उत्तर होणार नाही, आपली इच्छा होईल." मग नंदाबाईकडं वळून म्हणाल्या, "मावशी, पुढच्या गणपतीत करवंट्या माझ्या टेबलावर आणून ठेवा."

"म्हंजे मी पुढच्या वर्षी हाय व्हय कामाला?" नंदाबाई डोळे पुसत म्हणाली.

दाबण्याचं काम संपलं, पायांचे स्कॅन झाले. कोणाला औषध होतं ती बंद यादी उघडली. स्क्रीनसमोर मॅडम बसलेल्या, मी मागं येरझाऱ्या घालत. वरच्या रांगेत औषधवाल्यांचा दाबलेला पाय पाणीवाल्यांपेक्षा थोडा जास्त जाड झाला होता. थोडाच. खालच्या रांगेत दोन्ही पाय सारखे, काही कळेना.

"म्हणजे होय ना?" मी विचारलं.

"म्हणजे पुन्हा करायचं. एवढ्या कमी उंदरांवर होय म्हणता येत नाही."

मॅडमनी करवंट्यांसकट सगळं अहवालात जसंच्या तसं लिहून दिलं. नवे उंदीर आणलेत. ते म्हातारे व्हायची वाट बघतोय, घाई करून होत नाही. माणसांना हे औषध मिळेल की नाही, कधी मिळेल, मला माहीत नाही. सुमनला तर मिळालंच नसतं.

या कामात नव्यानं येणाऱ्याला एकच सांगतो. पिंजऱ्यातल्या जिवाची दया येणारच. आली तर आधी विचारा, आणि मग जे द्यायचं ते वरच्या रांगेलाही द्या. त्यासाठी स्टूल ठेवलंय.